चेअरमनसाहेबांची गंभीर ओव्हरसाइट

इंग्रजीच्या बाबतीत मला शिकवू शकेल असा माणूस आमच्या कॉलनीत तरी अजून जन्माला यायचाय. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे सुरुवात मी करतो, मग लोक मान डोलावतात. एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळतो. आमचा ट्रक नाल्यात पडला तरी मी पत्र असं लिहितो की ज्याचा माल बुडाला त्याला वाटावं, आपला सत्कार चाललाय.

त्यामुळे कॉलनीत माझ्या शब्दाला वजन आहे. इथे लोक भांडतात मराठीत, पण तक्रार इंग्रजीत हवी असते. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल लिहायचं असलं तरी कागद घेऊन माझ्या दारात उभे! इंग्रजीत लिहिलं की कुत्रासुद्धा जरा दबून वागतो, अशी सगळ्यांची समजूत. याच गुणावर मी बिनविरोध सेक्रेटरी झालो. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

या सगळ्याला अपवाद एकच. माझी बायको. तिचं म्हणणं असं, की तुमचं इंग्रजी चांगलं असेलही, पण तुम्ही ते सुरू केलंत की समोरचा माणूस दमतो.

तर, टाकी.

कॉलनीची जुनी पाण्याची टाकी इतकी गळायला लागली होती की तिच्याखालून जाताना लोक छत्री उघडायचे. शेवटी नवी बांधून मग ती पाडायचं ठरलं. काम दिलं एका कंत्राटदाराला, आणि देखरेख करायची जबाबदारी आमच्या चेअरमनसाहेबांनी आपण होऊन अंगावर घेतली. चेअरमनसाहेबांचं कापडाचं दुकान आहे. आयुष्यभर कापड मीटरने मोजून दिल्यामुळे स्वतःची स्तुतीही ते मीटरनेच मोजून घेतात, आणि वीतभर जास्त आली तरच गिऱ्हाईक खूश.

देखरेख त्यांनी केली, यात वाद नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर ते बांधकामावर हजर. घडीची खुर्ची, वर मोठी छत्री, हातात वर्तमानपत्र. थोड्या वेळाने वर्तमानपत्र मांडीवर आणि हनुवटी छातीवर. ते डोळे मिटून विचार करतात, असं आम्ही समजत होतो. मधूनच जागे होऊन, म्हणजे विचारातून बाहेर येऊन, ते कंत्राटदाराला काहीतरी बदल सांगायचे, आणि तो बिचारा "बरं साहेब" म्हणायचा. बिल चेअरमन पास करणार म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

टाकी उभी राहिली. आता फलक हवा. संगमरवरी, पांढराशुभ्र, टाकीच्या पुढच्या बाजूला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. आणि अर्थातच इंग्रजीत.

"मराठीत का नाही?" बायकोने विचारलं.

"अगं, मराठी काय, कुणालाही कळतं," मी म्हणालो.

ती भाजी चिरत राहिली. पण सुरीचा आवाज वाढला.

मजकूर ठरवायला मी चेअरमनसाहेबांकडे गेलो. त्यांनी मराठीत सांगितलं, की ही टाकी आज उभी आहे ती चेअरमनांच्या देखरेखीमुळे, एवढंच टाका, मला काही मोठेपणाची हौस नाही. मी पेन काढलं. देखरेख! सामान्य माणूस इथे सुपरव्हिजन लिहून मोकळा झाला असता. पण सुपरव्हिजन परीक्षेच्या हॉलमध्ये असतं, कॉपी पकडायला. संगमरवरावर ते शोभत नाही. आमच्या मुख्य कार्यालयातून येणाऱ्या परिपत्रकांत मी एक भारदस्त शब्द पाहून ठेवला होता. ओव्हरसाइट. अमुक काम तमुक साहेबांच्या ओव्हरसाइटखाली चालेल, असा. मी चेअरमनसाहेबांना फोड करून सांगितली. ओव्हर म्हणजे वरून, साइट म्हणजे नजर. वरून ठेवलेली नजर.

"वा," चेअरमन म्हणाले. "यात आपली उंचीपण आली."

मी वाक्य लिहिलं. देखरेखीमुळे, म्हणून 'ड्यू टू'. ओव्हरसाइटच्या आधी 'ॲन', कारण पुढे स्वर. हा 'ॲन' भल्याभल्यांना सुचत नाही. चेअरमननी वाक्य वाचलं, हाताने लांबी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, जरा तोकडं वाटतंय.

त्यांचं पहिलं म्हणणं असं, की देखरेख काही हसतखेळत झालेली नाही, गांभीर्याने झाली आहे, ते यायला हवं. मी 'सीरियस' घातलं. आता पुढे स्वर राहिला नाही, म्हणून ताबडतोब 'ॲन' काढून 'अ' केला. खरा जाणकार ओळखायचा तो अशा ठिकाणी. मग ते म्हणाले, एकदाच येऊन पाहून गेलो असं वाटायला नको, पुन्हा पुन्हा आलो. मी 'रिपीटेड' घातलं. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, की यात कंत्राटदाराचा वाटा आहे असं तर कुणाला वाटणार नाही ना? मी म्हटलं, मुळीच नाही, आणि 'ड्यू टू'च्या आधी 'सोलली' घातलं. म्हणजे केवळ, फक्त, दुसऱ्या कुणाचाही संबंध नाही.

वाक्य तयार झालं. दिस टँक स्टँड्स टुडे सोलली ड्यू टू अ सीरियस अँड रिपीटेड ओव्हरसाइट बाय अवर चेअरमन. चेअरमननी ते दोनदा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी त्यांचे डोळे किंचित ओलावले. खोटं कशाला सांगू, माझेही.

अक्षरं कोरणाऱ्याकडे कागद घेऊन मीच गेलो. त्याच्या दुकानात सगळीकडे पांढरी भुकटी होती आणि तो स्वतःही पुतळ्यासारखा दिसत होता. त्याने सांगितलं, की नीट वाचा आणि खाली सही करा, दगडावर खोडायची सोय नसते. मी न वाचता सही केली. आपलंच लिहिलेलं आपण काय वाचायचं?

उद्घाटनाला पाणीपुरवठा विभागाच्या मोठ्या इंजिनिअरबाईंना बोलावलं होतं. त्यांना बोलावणं भागच होतं. जुनी टाकी आम्ही आधीच्या आठवड्यात पाडून टाकली होती, आणि नव्या टाकीत पाणी सोडायचं तर त्यांची तपासणी आणि त्यांची सही लागते. तोपर्यंत कॉलनी टँकरच्या पाण्यावर होती. त्यामुळे समारंभाला गर्दी तुफान. संगमरवर बघायला कोणी आलं नव्हतं, सगळ्यांचं लक्ष त्या चाकासारख्या मोठ्या व्हॉल्व्हकडे. तळमजल्यावरच्या मावशी तर रिकामी बादली घेऊनच खुर्चीत बसल्या होत्या. या मावशींचं तोंड म्हणजे कॉलनीचा एकमेव नळ, जो कधीच बंद नसतो.

भाषणं झाली. माझं जरा लांबलं. मग चेअरमनसाहेबांनी इंजिनिअरबाईंच्या हातात दोरी दिली, बाईंनी ती ओढली, पडदा सरकला आणि टाळ्या पडल्या. बाई फलकासमोर उभ्या राहून वाचायला लागल्या.

वाचून झालं. त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं. माझं इंग्रजी लोक असंच वाचतात, चव घेत घेत.

"हे तुम्ही स्वतः लिहून घेतलंत?" बाईंनी चेअरमनना हळू आवाजात विचारलं.

"प्रत्येक शब्द," चेअरमन म्हणाले. "माझ्या संमतीशिवाय एक अक्षर नाही."

"आणि हे वारंवार झालं?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"गंभीर होतं?"

"अत्यंत. मी तिथे कुणाला हसूसुद्धा दिलं नाही."

बाई म्हणाल्या, "एवढ्या उघडपणे कबुली देणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदाच बघतेय."

"कबुली कसली बाई, मला अभिमान आहे," चेअरमन म्हणाले, आणि छाती अशी फुगवली की शर्टाचं वरचं बटण कुरकुरलं.

इथपर्यंत सगळं कसं छान चाललं होतं. पण बाई आता कंत्राटदाराकडे वळल्या. तो बिचारा मागच्या रांगेत कडेला उभा होता. बाईंनी फलकाकडे बोट दाखवून त्याला एवढंच विचारलं, की हे तुम्हालाही माहीत होतं का? कंत्राटदाराला इंग्रजीचं अक्षर येत नाही. फलकावर काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. पण टाकीत काय नाही ते चांगलंच ठाऊक होतं. फलकावर आपलंच काहीतरी कोरून ठेवलंय, आणि तेही मोठ्या बाईंना बोलावून सगळ्यांसमोर, असा त्याचा समज झाला. त्याचा चेहरा संगमरवरापेक्षा पांढरा पडला.

"बाई, मी साहेबांना सांगत होतो," तो म्हणाला. "तो पाइप काढायला नको होता. साहेबच म्हणाले, काढ."

"कुठला पाइप?"

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून समारंभाचा रंगच उतरला. टाकी काठोकाठ भरली की जास्तीचं पाणी बाहेर जायला एक मोठा पाइप लागतो. नकाशात तो टाकीच्या पुढच्या बाजूने खाली उतरत होता. पण तिथे चेअरमनसाहेबांना फलक लावायचा होता. मग पाइप रद्द. वर हवेसाठी ठेवायची जाळी होती. ती खालून वाकड्या टोपीसारखी दिसते, असं चेअरमनना खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं. मग जाळीवर सिमेंट. वर चढायची शिडी फोटोत मध्ये येत होती. मग शिडीही गेली. प्रत्येक वेळी त्याने विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी साहेब म्हणाले होते, कोण बघतंय?

इंजिनिअरबाई टाकीला एक फेरी मारून आल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. टाकीला खेटून आमच्या सगळ्या इमारतींची मीटररूम आहे. पाइप नसताना टाकी भरून वाहिली असती तर सगळं पाणी तिच्या छतावर आणि तिथून विजेच्या मीटरवर. मीटररूमच्या पायरीवर संध्याकाळी कॉलनीतली लहान मुलं बसून खेळतात. बाईंनी हे सांगितलं आणि दोन आयांनी आपापली मुलं पायरीवरून उचलून कडेवर घेतली. त्यातलं एक चांगलं दहावीतलं होतं.

व्हॉल्व्हला कोणी हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं. मग चेअरमनकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, की तुम्ही निदान दगडावर लिहून कळवलंत हे बरं केलंत.

"काय कळवलं?" चेअरमन म्हणाले.

तेव्हा बाईंनी फलकाचा मराठीत अर्थ सांगितला. सगळ्यांना ऐकू जाईल असा, कारण माइक चालूच होता. "ही टाकी आज उभी आहे ती केवळ आमच्या चेअरमनच्या गंभीर आणि वारंवार झालेल्या नजरचुकीमुळे."

असली शांतता मी फक्त पगारवाढ नाकारल्याच्या दिवशी ऑफिसात अनुभवली आहे. मग कुठेतरी एक बादली पडली. मावशी हसत होत्या. त्यांच्यामागून हळूहळू सगळा मांडव हसायला लागला. फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक चेअरमन, आणि ते माझ्याकडे बघत होते. दुसरा मी, आणि मी जमिनीकडे.

पण मी असा हार मानणारा नव्हे. बाईंचं काहीतरी चुकतंय असं मी नम्रपणे सांगितलं आणि धावत जाऊन घरातून डिक्शनरी घेऊन आलो. भर मांडवात पान उघडलं. ओव्हरसाइट. पहिला अर्थ देखरेख. मी बोट ठेवून तो मोठ्याने वाचला आणि सगळ्यांकडे बघितलं. बाईंनी शांतपणे माझं बोट उचललं आणि एक ओळ खाली ठेवलं. दुसरा अर्थ, लक्षातून सुटल्यामुळे झालेली चूक.

"शब्द तोच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही 'अंडर द ओव्हरसाइट ऑफ' लिहिलं असतं तर देखरेख झाली असती. पण पुढे 'अ' लावला, म्हणजे तिचा एक नग झाला. देखरेख नगावर मोजत नाहीत. चुका मोजतात."

मग त्यांनी एकेक शब्दाची चिरफाड केली. 'ड्यू टू अ' लावून अमुकतमुक झालं म्हटलं की ऐकणारा चुकीचीच वाट बघतो. 'सीरियस' आणि 'रिपीटेड' ही विशेषणं तर कोणी देखरेखीला लावतच नाही, ती चुकांचीच. आणि 'सोलली' वाचल्यावर त्यांना वाटलं होतं, की हा माणूस सगळा दोष स्वतःवर घेतोय, फार मोठ्या मनाचा दिसतो. एवढं बोलून त्या गाडीत बसल्या. चहाही घेतला नाही.

त्या 'अ'बद्दल मला किती अभिमान होता ते तुम्हाला मी सांगितलंच आहे. आता त्याचं नाव काढू नका.

पुढचे दिवस वाईट गेले. चेअरमनसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि बाकीच्यांच्या नळाचं. टँकर यायचा, पण कधी येईल त्याचा नेम नाही. लोक ऑफिसचे कपडे घालून, टाय लावून, हातात बादल्या घेऊन रांगेत उभे. आणि रांग कुठे? बरोबर फलकासमोर. वाचायला दुसरं काहीच नसल्यामुळे ते वाक्य लहान पोरांनाही पाठ झालं. एकाने गृहपाठ न केल्याबद्दल शाळेत वहीवर लिहून दिलं, की हे केवळ माझ्या सीरियस अँड रिपीटेड ओव्हरसाइटमुळे झालं. वर्गाच्या बाईंनी म्हणे त्याला इंग्रजीत पूर्ण मार्क दिले.

चेअरमननी फलकावर चादर टाकून बघितली. पण चादर टाकलेल्या वस्तूखाली काय आहे हे बघितल्याशिवाय आमच्या कॉलनीतल्या माणसाला झोप येत नाही. ज्यांनी आधी वाचलं नव्हतं त्यांनीही चादर उचलून वाचलं. मग अक्षरं कोरणाऱ्याला बोलावलं. त्याने सांगितलं, की कोरलेलं बुजवता येतं, पण डाग दिसतो, आणि डाग दिसला की लोक जास्त वाचतात. शिवाय त्याने माझी सही असलेला कागद जपून ठेवला होता. तो त्याने चेअरमनना दाखवलाही. सही फारच ठळक आली होती.

मग समितीची खास बैठक बोलावण्यात आली. विषय एकच, मी. चेअरमन म्हणाले, या माणसाने माझा पाणउतारा केला. पाणी हा शब्द ऐकताच मागून कोणीतरी विचारलं, कधी येणार? मी उठून शांतपणे मांडलं, की माझा शब्द चुकला हे क्षणभर मान्य केलं, तरी त्या चुकीमुळेच टाकीतली चूक सापडली, पोरं वाचली, मीटररूम वाचली. मी शुद्ध इंग्रजी लिहिलं असतं तर बाईंनी टाळ्या वाजवून, चहा पिऊन सही ठोकली असती. तेव्हा माझा राजीनामा मागण्याऐवजी सत्कार करावा हे उचित. यावर बरीच गरमागरमी झाली. काहींना माझा राजीनामा हवा होता, काहींना चेअरमनचा, आणि बहुतेकांना आंघोळ.

मावशींनी शेवटी विषय संपवला. त्या म्हणाल्या, "गावभर एवढे फलक लागलेत, त्यातला खरं बोलणारा हा एकच. राहू दे की."

चेअरमन त्या रात्री म्हणे जेवले नाहीत. ते आमच्या खालीच राहतात, त्यामुळे ताट सरकवल्याचा आवाज वरपर्यंत आला. मला वाईट वाटलं. माणूस हौशी, वाईट नव्हे. छत्रीखाली बसून झोप लागणं हा काही गुन्हा नाही. ऑफिसात मी छत्रीशिवायही झोपतो. आणि टाकीच्या दुरुस्तीचा सगळा खर्च त्यांनी कुणाला न सांगता स्वतःच्या खिशातून भरला, हे मला कंत्राटदाराकडून कळलं. मी जिन्यात त्यांना गाठून सॉरी म्हणालो. त्यांनी विचारलं, या शब्दाचा दुसरा काही अर्थ नाही ना? मी नाही म्हटल्यावर मान हलवून खाली गेले.

कंत्राटदाराने जाळीवरचं सिमेंट फोडून काढलं, शिडी बसवली. आता पाइप. चेअरमननी विनंती केली, की पाइप मागच्या बाजूने न्यावा. इंजिनिअरबाई म्हणाल्या, मागे मीटररूम आहे, पाइप पुढूनच उतरेल. तो पुढून उतरला. सरळ, जाड, बरोबर फलकावरून. आणि नेमका ओव्हरसाइट या शब्दावर बसला. बाकीचं वाक्य दोन्ही बाजूंना शाबूत. म्हणजे टाकी केवळ आमच्या चेअरमनच्या गंभीर आणि वारंवार, मग पाइप. जाणारा-येणारा प्रत्येक माणूस त्या जागी आपल्याला हवा तो शब्द घालतो. काहींचे शब्द मी इथे लिहू शकत नाही, मराठी असूनही.

शेवटी एका रविवारी बाई आल्या, वर चढून सगळं स्वतः बघितलं आणि सही केली. या वेळी पडदा नाही, दोरी नाही, माइक नाही. चेअरमननी स्वतः व्हॉल्व्ह फिरवला. पाइपांतून गडगड आवाज आला आणि लोकांनी खऱ्या टाळ्या वाजवल्या. सगळे आपापल्या घरी पळणार, एवढ्यात मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. इंजिनिअरबाई थांबल्या, म्हणून बाकीच्यांनाही थांबावं लागलं. मी भाषेचं महत्त्व या विषयावर बोललो. एकेक शब्द किती जपून वापरावा, अर्थाचा कसा अनर्थ होतो, वगैरे. माझं भाषण रंगात आलेलं असताना चेअरमनच्या पत्नी जिन्यातून ओरडतच आल्या. त्यांच्या छतातून धार लागली होती.

आम्ही धावलो. दार उघडलं तर आमची चप्पल आमच्या स्वागताला तरंगत बाहेर आली. घरातले सगळे नळ सताड उघडे. पाणी आलं की लगेच कळावं म्हणून सकाळी मीच ते एकेक करून उघडून ठेवले होते. आणि पाणी आलं तेव्हा मी खाली शब्द जपून वापरत होतो.

खालच्या मजल्यावर तर बघवत नव्हतं. चेअरमनसाहेबांनी हिवाळ्यासाठी आणलेले ब्लँकेटचे गठ्ठे जागेअभावी घरात रचून ठेवले होते. एकेका ब्लँकेटने बादली-बादली पाणी पिऊन घेतलं होतं. एवढे दिवस कॉलनीत कोणाकडेच नव्हतं एवढं पाणी आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत होतं. ते मधोमध पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "सेक्रेटरी, समितीला लेखी खुलासा द्या. आणि मराठीत द्या."

ब्लँकेटं आम्ही दोघांनी मिळून गच्चीवर नेऊन पिळली. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. पिळताना माणसं फार बोलत नाहीत, पण एकमेकांच्या उलट दिशेने फिरवावं लागतं, आणि ते आम्हाला छान जमत होतं.

संध्याकाळी मी खुलासा लिहायला बसलो. विचार केला, मराठी म्हणजे काय, आपली मातृभाषा, डोळे मिटून लिहू. चार ओळींत संपवला. माझ्याकडून नजरचूकीने नळ उघडे राहिले, ही माझी नजरचुक, त्याबद्दल दिलगीर आहे, खाली सही. घडी घालणार एवढ्यात बायकोने हात पुढे केला. तिने कागद वाचला आणि पेन मागितलं.

"नजरचूक लिहिताना चू दीर्घ," ती म्हणाली. "पण नजरचुकीने लिहिताना चु ऱ्हस्व. तुम्ही उलटं केलंय."

"कुठे?"

"दोन्हीकडे," ती म्हणाली. "अहो, चूक हा शब्दसुद्धा तुम्ही चुकीचा लिहिलाय."